न धुतलेलं पिंप

बायको जाऊन बावीस दिवस झाले, पण इंजिनवाल्याचं काही अडलं नव्हतं. सकाळी उठायचा, कपभर चहा घशाखाली घालायचा आणि शेडमध्ये जाऊन इंजिनाला हँडल मारायचा. गावाची वीज त्याच इंजिनावर आणि इंजिन मोगली एरंडाच्या बियांच्या डिझेलवर. कुणी हळहळायला आलं, तर हा त्यालाच पाना आणून द्यायला सांगायचा. आत सगळं बधिर झालं होतं.

इंजिन चालवायचा तो, पण डिझेल बनवायची ती. बियांच्या तेलात औषध मिसळायचं, मग ते पाण्याने तीनदा धुवायचं. तेल कुणी धुतं का, म्हणून नवखे लोक हसायचे. पण औषधामुळे तेलात साबण तयार होतो, तो पाण्याबरोबर तळाला बसतो आणि तोटीतून सोडून द्यावा लागतो. तिला उशीर झाला की हा तिच्यावर खेकसायचा.

तिच्यामागे त्याने स्वतः बनवलेलं पहिलंच पिंप घाईघाईत एकदाच धुतलं. फिल्टर तुंबला आणि भर दुपारी इंजिन बंद पडलं.

दवाखान्यातल्या नर्सबाई धापा टाकत आल्या. "भाऊ, फ्रीज बंद पडलाय हो! पोरांच्या लशी बर्फाच्या पेटीत ठेवल्यात, पण उद्या दुपारपर्यंतच टिकतील."

"फिल्टर बदलतो. पण चांगलं डिझेल नाही."

"मग ते काय आहे?" त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवलं.

ते तिने बनवलेलं शेवटचं पिंप होतं. त्याने अजून त्याला हात लावला नव्हता. "ते राहू द्या," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंतच, भाऊ," नर्सबाई म्हणाल्या. शेवटी त्याने झाकण काढलं.

ती करायची तसंच त्याने बाटलीत थोडं डिझेल, थोडं पाणी घेऊन हलवलं. धुतलेलं असेल तर दोन्ही चटकन वेगळी होतात. हे दुधासारखं पांढरं झालं आणि तसंच राहिलं.

"हे धुतलेलंच नाही," तो म्हणाला. "ती असं कधी करायची नाही."

"त्यांना बादली उचलवत नव्हती, भाऊ." नर्सबाई खाली बघत होत्या. "माझ्याकडे औषधाला यायच्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

"कधीपासून?"

"तीन महिने झाले असतील."

राग यायला हवा होता, निदान स्वतःचा तरी. काहीच आलं नाही. तो बादली घेऊन हापशावर गेला. आत्ता कामाला लागलं तर उद्या सकाळपर्यंत तिचं पिंप तीनदा धुऊन होणार होतं. चौथ्या खेपेला खांदा भरून आला, पाचव्या खेपेला बादली वाटेतच टेकवावी लागली. ती अशीच कुठेतरी टेकवत असणार, आणि हा शेडमधून हाका मारत असणार.

सहावी बादली भरली तेव्हा नर्सबाईंनी न विचारताच कडीला दुसऱ्या बाजूने हात घातला. बादली हलकी झाली. एवढंच करायचं होतं, आणि तीन महिन्यांत ते त्याने एकदाही केलं नव्हतं.