रंग उतरेपर्यंत

बाबांचे तळवे पिवळे पडलेले दिसले, तेव्हा लेकीच्या पोटात गोळा वगैरे काही आला नाही. औषधाच्या दुकानात काउंटरमागे तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. असल्या गोष्टींना घाबरायचं ते गिऱ्हाइकांनी. बाबा शिंपी. मोतीबिंदू काढल्यावरही सुईत दोरा जाईना, म्हणून तिनेच त्यांना गाजरातल्या रंगाच्या कॅप्सूल आणून दिल्या होत्या, वर चमचाभर लोणी. स्निग्ध पोटात असल्याशिवाय हा रंग रक्तात उतरत नाही, हे ती गिऱ्हाइकांना घोकल्यासारखं सांगायची.

"जास्त झाल्या, एवढंच," ती म्हणाली. "आता बंद करा. रक्तातून जाईल लवकर, पण कातडीत मुरलेला रंग सावकाश जातो. डोळे बघू."

"आत्ताच थेंब घातलेत, चष्मा काढायला लावू नकोस." ऑपरेशननंतरचा तो काळा चष्मा बाबा घरातही उतरवत नसत.

कॅप्सूलने डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होत नाही, काविळीने होतो. तेवढंच बघायचं होतं. पण लेकबाईंना आपल्या ज्ञानाची भारी खात्री. तिने विषय सोडून दिला.

मग बाबांच्या अंगाला खाज सुटली. अन्नावरची वासना उडाली. शेजारीण म्हणाली, दाखवून तरी आण. "काकू, माझा रोजचा धंदा आहे हा," म्हणत लेकीने तिला वाटेला लावलं. बापलेक रंग उतरायची वाट बघत बसले. तो चढतच गेला.

शेवटी बाबा मशीनवरच चक्कर येऊन पडले, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी आधी बाबांचा चष्मा काढला; डोळे पिवळेजर्द होते. तपासण्या झाल्यावर त्यांनी लेकीला बाहेर बोलावलं. पोटात गाठ होती, तिने पित्ताची नळी दाबली होती. आतड्यात पित्तच उतरत नव्हतं.

पित्त नाही तर स्निग्ध पचत नाही, आणि ते पचलं नाही तर कॅप्सूलचा रंग रक्तात जाणार कुठून? हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"ऑपरेशन?"

"पिवळेपणा दिसला तेव्हा आला असता तर कदाचित. आता कॅन्सर यकृतात पसरलाय."

तिला स्वतःची किळस आली. तोंड धुऊन ती आत गेली. बाबा पडल्या पडल्या हात निरखत होते.

"थोडा उतरलाय, नाही गं?"

"हो बाबा. वेळ लागतो."

"तू या धंद्यात आहेस म्हणून बरं," बाबा म्हणाले. "नाहीतर मी उगाच घाबरलो असतो."