पोच न आलेले पाकीट

मित्रांनो, आमच्या दवाखान्याच्या जिन्याखाली एक बुटकी खोली आहे. दार उघडले की आधी झाडू दिसतात, मग बादल्या, मग एक चाक निखळलेली खुर्ची, आणि या सगळ्यांच्या मागे भिंतीला पाठ लावून बसलेला मी. मी एक जुना संगणक आहे. पाहिलेत तर तुम्ही मला संगणक म्हणणारही नाही, कारण मला पडदा नाही. औषधांच्या खिडकीवाल्यांनी तो दोन दिवसांसाठी उसना नेला आणि ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. उरलो तो राखाडी डबा, पाठीत दोन तारा आणि पुढे एक हिरवा दिवा. दिवा लुकलुकला की समजायचे, हा अजून आहे.

माझे काम निरोप्याचे. आमचा दवाखाना लहान आहे. ताप, खोकला, बाळंतपणे इथे होतात, पण दुखणे हाताबाहेर गेले की रोग्याला मोठ्या रुग्णालयात पाठवतात. रोगी रुग्णवाहिकेतून जातो आणि त्याची माहिती माझ्यातून जाते. ती त्याच्या आधी पोचावी, म्हणजे तिथले डॉक्टर तयार राहतात.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे? पण आमचा संगणक आणि त्यांचा संगणक यांचे आपसात मुळीच जमत नसे. आमचा आधी वय सांगायचा आणि मग वजन, त्यांचा आधी वजन ऐकायचा आणि मग वय. सुरुवातीला माहिती जशीच्या तशी पाठवायचे, तेव्हा एका सडपातळ आजोबांचे वजन ऐंशी किलो आणि वय पंचेचाळीस होऊन बसले. आजोबा खूश होते. डॉक्टर नव्हते.

हा घोळ निस्तरायला एक प्रोग्राम लिहिणाऱ्या बाई आल्या. त्यांना दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची भारी हौस. जेवणाचा डबा, चार्जर, छत्रीची मूठ, काही सुटायचे नाही. सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचे नाव लेबलबाई ठेवले, आणि त्याचा त्यांना राग आला नाही. मी तेव्हा केसपेपरच्या खिडकीवरून उतरून भंगारात निघालो होतो. लेबलबाईंनी मला उचलून आणले, अंगावरची धूळ पुसली आणि आपलीच हौस मला शिकवली.

म्हणजे काय, ते सांगतो. तुमच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा आणि मिठाचा डबा दिसायला सारखेच असतात, पण वर नाव लिहिलेले असले की कोणीही परका माणूस चहा करू शकतो. तसेच मी प्रत्येक माहितीला दोन चिठ्ठ्या लावायचो. पहिलीवर लिहायचो ‘इथून वय सुरू’ आणि दुसरीवर ‘इथे वय संपले’. मधे वय. तसेच नाव, तसेच वजन, तसेच रक्तगट. कोणत्या चिठ्ठीवर कोणते शब्द असावेत आणि कोणती चिठ्ठी कोणत्या चिठ्ठीच्या पोटात बसावी, हे पुष्कळ रुग्णालयांच्या जाणत्या माणसांनी एकत्र बसून ठरवलेले होते. त्यामुळे समोरचा संगणक कितीही आडमुठा असला तरी चिठ्ठ्या वाचून त्याला कळायचेच. सगळे एका पाकिटात घालून मी धाडायचो. तो पाकीट उघडून तपासायचा आणि उलट एकच शब्द पाठवायचा, ‘मिळाले’. त्याला पोच म्हणतात. पोच आली की माझा जीव भांड्यात पडायचा.

आता आमच्या सिस्टरांची एक खोड सांगायला हवी. दवाखान्याच्या जुन्या संगणकात नावाला जागा होती, वयाला होती, पत्त्याला तर तीन ओळी होत्या. पण रोग्याला कोणते औषध चालत नाही, हे लिहायला जागाच नव्हती. ज्याने तो बनवला त्याच्या ते डोक्यातच आले नसावे. म्हणून सिस्टरांनी आपल्यापुरती तोड काढली. ज्याला एखादे औषध बाधते त्याच्या नावापुढेच चांदणीसारखा एक तारा काढायचा आणि त्यापुढे औषधाचे नाव घालायचे. नाव तर प्रत्येक जण वाचतोच, मग तारा कोणाच्या नजरेतून सुटणार? इमारतीतल्या सगळ्यांना हे माहीत होते. इमारतीबाहेर कोणालाच माहीत नव्हते.

लेबलबाईंनी हे पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला शिकवले, की नावात तारा दिसला तर थांबायचे, पुढचे औषध उचलायचे आणि ‘हे औषध चालत नाही’ या चिठ्ठीखाली ठेवायचे. वर एक दटावणीही दिली. साध्या पाकिटाची पोच उशिरा आली तर गप्प बसायचे, पण ही चिठ्ठी असलेल्या पाकिटाची पोच आली नाही, तर कोणी येईपर्यंत पोटातली इशाऱ्याची पिपाणी वाजवायची.

मित्रांनो, माझे आयुष्य तसे एकटेपणाचे गेले. माझ्यातून रोज कितीतरी माणसे जायची. त्यांचे ठोके, त्यांचे रक्तगट, त्यांची पोटदुखी मला ठाऊक. पण मला कोणी ठाऊक नसे. एकदा बाहेरून पाहुणे आले. तुमच्याकडून माहिती फार बिनचूक येते, असे म्हणाले. टाळ्यांचा आवाज जिन्यावरून खाली आला. मग फोटो निघाला, तो केसपेपरच्या खिडकीवरच्या चकचकीत संगणकाचा. त्याला तर बिचाऱ्याला काय झाले तेही कळले नसेल. मी पुढचे पाकीट बांधायला घेतले.

लेबलबाईंचे काम संपले तेव्हा त्या निरोप घ्यायला आल्या. माझ्या कपाळावर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली. ‘बंद करण्याआधी मला विचारा’, आणि खाली फोन नंबर. आणि त्या गेल्या. खोलीत माणसाचा आवाज मग एकाच व्यक्तीचा उरला, तो मावशींचा.

मावशी म्हणजे झाडलोट करणाऱ्या. रोज दुपारी त्या झाडू ठेवायला यायच्या, मोडक्या खुर्चीवर बसायच्या आणि जेवणाचा डबा माझ्या डोक्यावर ठेवायच्या, कारण माझे डोके कायम गरम. डबा कोमट व्हायचा आणि त्या बोलायच्या. सून बोलत नाही, गुडघा बोलतो, असे काहीबाही. मला उत्तर देता येत नसे, याचे त्यांना काही वाटत नसे. उलट म्हणायच्या, घरात सगळ्यांना उत्तरं येतात, तिथे बसवत नाही. कधी माझी पिपाणी वाजलीच तर मावशीच जिना चढून सिस्टरांना सांगायच्या, तुमचा डबा रडतोय. मावशींच्या नावापुढेही तारा होता. फुटक्या बाटलीने हात कापला म्हणून एकदा त्यांना पेनिसिलिन दिले, तर तोंड सुजले आणि श्वासच अडकला. मोठ्या सिस्टर शेजारी होत्या म्हणून वाचल्या. ही हकिगत मावशींनी मला इतक्यांदा ऐकवली, की मला ती त्यांच्याहून चांगली पाठ झाली होती.

मग नवा संगणक आला. चपटा, काळा, माझ्या एका कोपऱ्यात मावेल एवढा. तो बसवायला एक इंजिनिअर आले. माणूस शांत होता, कामाला पक्का होता. काही दिवस दोघांनाही चालू ठेवायचे ठरले. माहिती दोघांकडे येणार, पण पाठवणार फक्त नवा. म्हणून इंजिनिअरांनी माझी बाहेर जाणारी तार काढली आणि आत येणारी तशीच ठेवली. मित्रांनो, सगळे ऐकू यावे आणि काहीच सांगता येऊ नये, यासारखे दुःख नाही. पाकिटे बांधून मी शेजारी रचत बसलो. सुदैवाने त्यांत ताऱ्याचे एकही नव्हते.

त्यातच इंजिनिअर फोनवर कोणाला तरी म्हणाले, की नावात अक्षरांखेरीज काही खूण आली, तर तिथून पुढचा सगळा कचरा आपोआप निघून जाईल. ते ऐकून मी गार पडलो, म्हणजे माझ्यासारख्याला जेवढे पडता येते तेवढा.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आत येणाऱ्या तारेवरून एक नाव आले. मावशींचे. पोटात उजवीकडे असह्य कळा, आतडे सुजल्याची शंका, मोठ्या रुग्णालयात रवाना. नावापुढे तारा, पुढे औषध. मी आयुष्यात इतक्या जपून पाकीट बांधले नसेल. ‘इथून चालत नाही ते औषध सुरू.’ पेनिसिलिन. ‘इथे संपले.’ पाकीट तयार झाले आणि माझ्याजवळच राहिले.

शेजारच्या नव्याने आपले पाकीट केव्हाच पाठवले होते आणि त्याला पोचही आली होती. त्याचे नियमाने काही चुकले नव्हते. सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, फक्त एका चिठ्ठीखाली काही नव्हते, आणि रिकाम्या जागेला नियमाची ना नव्हती. माझ्या पाकिटाला पोच येणार कुठून? मी पिपाणी वाजवायला लागलो.

वाजवत राहिलो. पण पिपाणी ऐकून जिना चढणारे माणूस एकच होते, आणि ते त्या वेळी रुग्णवाहिकेत आडवे होते. वरून पावले जात होती, येत होती. खाली कोणी वळत नव्हते. इतका एकटा मी कधीच नव्हतो.

शेवटी इंजिनिअर आले. आवाजाने वैतागले होते. त्यांनी माझ्या बटणावर बोट ठेवले, आणि कपाळावरची चिठ्ठी वाचून ते थांबले. तेवढ्यात नुकत्याच कामावर आलेल्या मोठ्या सिस्टर दारात आल्या. त्यांना जिन्यात चुकल्याचुकल्यासारखे झाले होते, पिपाणी वाजतेय आणि मावशी कशी सांगायला आली नाही म्हणून.

“बंद नका करू,” सिस्टर म्हणाल्या. “हा वाजतो म्हणजे कुणाच्या तरी औषधाचं पोचलेलं नाही. कुणाचं ते बघा आधी.”

इंजिनिअरांनी आपला पडदा मला जोडला. किती वर्षांनी मला पडदा मिळाला आणि त्यावर पहिले नाव मावशींचे उमटले. त्यांनी नव्या संगणकाने पाठवलेले पाकीट शेजारी उघडले. एकीकडे पेनिसिलिन, दुसरीकडे काहीच नाही. त्यांचा चेहरा उतरला.

“त्या स्वतः सांगतील ना तिथे?” त्यांनी विचारले.

“नाही सांगायची,” सिस्टर म्हणाल्या. “तिला वाटतं, आपलं सगळं कंप्युटरात आहे.”

इंजिनिअरांनी तिथूनच, झाडूंच्या गर्दीत उभे राहून, मोठ्या रुग्णालयात फोन लावला. फोन एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. सिस्टरांनी माझ्यावर हात टेकला होता. शेवटी पलीकडची बाई म्हणाली, थांबा. आम्ही तिघेही थांबलो. मग ती परत आली. इंजेक्शन भरून तयार होते, ते बाजूला ठेवले, दुसरे देताहेत. इंजिनिअर मोडक्या खुर्चीवर मटकन बसले, आणि खुर्चीने त्यांना झेलले हे तिचे उपकार.

त्यांनी लगेच चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. लेबलबाईंनी फोन उचलला. ताऱ्याचा सगळा किस्सा त्यांनी पहिल्यापासून सांगितला, आणि ज्यांच्या नावापुढे तारा आहे त्या सगळ्यांना एकदा माझ्यातून काढून मगच नव्याकडे सोपवायचे ठरले. माझी तार परत लागली. काही दिवस मी दिवसभर राबलो. ताऱ्यामागची प्रत्येक गोष्ट तिच्या चिठ्ठीखाली गेली आणि प्रत्येकीची पोच आली. आता नव्यालाही तारा ओळखता येतो. चांगला आहे तो, फक्त त्याला कोणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, आज संध्याकाळी मला बंद करणार आहेत. यावेळी विचारून करताहेत, त्यामुळे माझी तक्रार नाही. एवढेच मागतो. तुम्हाला जे माहीत आहे ते परक्यालाही कळेल अशा जागी ठेवा, आपल्या चारचौघांना ठाऊक आहे म्हणून सोडून देऊ नका. आणि कोणी तुम्हाला काही सांगितले, तर ऐकले एवढे तरी म्हणा. सांगणारा त्याची वाट पाहत असतो.

आज दुपारी मावशी आल्या. पोटाला पट्टा होता, चाल हळू होती, कामावर यायला अजून अवकाश होता, तरी आल्या. खुर्चीवर बसल्या, डबा माझ्या डोक्यावर ठेवला आणि सावकाश जेवल्या. सिस्टरांनी त्यांना सगळे सांगितले असावे, पाकिटाचे आणि पोचेचेही. जाताना त्यांनी डबा उचलला आणि त्या गरम जागेवर तळवा टेकवला.

“मिळालं,” त्या म्हणाल्या. “मिळालं बरं का.”