येसूची गोळी जाते कुठं?

पूर्वाला लहानपणापासून एक खोड होती. एखादी गोष्ट जिथं असायला हवी तिथं दिसली नाही, की तिच्या जिवाला चैन पडत नसे. आई म्हणायची, हा भोचकपणा हिला एक दिवस गोत्यात आणणार. गोत्यात कसला आणतोय? त्याच भोचकपणापायी ती बायोकेमिस्ट्री शिकली आणि धामणकर नाक्यावर पहिल्या मजल्यावर स्वतःची लॅब थाटून बसली. खाली रिक्षांचा कालवा, मागच्या गल्लीत लूमची खडखड, आणि मध्ये ही बाई लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासत आत काय दडलंय ते हुडकतेय. याहून सुखाचं काम जगात असेल असं तिला वाटत नसे.

त्या सकाळी मात्र जितकं असायला हवं तितकं सापडेना.

रक्त होतं येसूचं. येसू अंबाडी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावर राहायची. वयानं म्हातारी, अंगानं काटक, पण हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायचे, म्हणून लॅबच्या खालीच दवाखाना असलेल्या डॉक्टर विद्युल्लतांनी तिला डिगॉक्सिनची गोळी सुरू केली होती. हे औषध मोठं लहरी. कमी पडलं तर हृदय ताळ्यावर येत नाही, आणि जरासं जास्त झालं तर त्याचंच विष होतं आणि माणूस हातचा जातो. म्हणून तर रक्तात ते किती उतरलंय हे बघायचं असतं. डॉक्टरांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, बाईची धडधड अजून थांबलेली नाही, रक्तात औषध कमी निघालं तर आजच दुप्पट गोळ्या देऊन घरी पाठवते. येसूला घेऊन आलेला तिचा पुतण्या लडकू खाली जीप लावून थांबला होता.

यंत्र म्हणालं, औषध फारच कमी आहे.

दुसरी कुणी असती तर रिपोर्ट छापून मोकळी झाली असती. पूर्वाचं मन काही मानेना. आधी तिनं यंत्रावरच संशय घेतला. ज्यात औषध किती आहे ते आधीच ठाऊक असतं असा नमुना घालून बघितला, तर यंत्र बरोबर बोललं. मग वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. येसूला पुन्हा बोलावून पुन्हा रक्त काढलं. म्हातारीनं हात पुढं केला खरा, पण एवढं रक्त घेऊन ही बाय करते तरी काय, असंही विचारून घेतलं. उत्तर पुन्हा तेच आलं.

आता राहिली येसू. पूर्वानं तिला समोर बसवलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. गोळी रोज घेता? रोज. कधी? रातच्या भाकरीसंगं. विसरत नाही? येसूला हे लागलं. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडून गोळ्यांचं पाकीट समोर ठेवलं. जेवढ्या गोळ्या संपायला हव्या होत्या, तेवढ्याच संपल्या होत्या. आणखी काही औषध, पित्ताचं, कुणा भगताचा पाला? न्हाय. जुलाब, उलट्या? न्हाय म्हंजे न्हाय.

गोळी पाकिटातून जातेय आणि रक्तात पुरती पोचत नाहीये. मग मधल्या मध्ये जाते कुठं? पूर्वाचं डोकं पार चक्रावून गेलं. तिला चीड आली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. पण पाड्यावरची जीप किती वेळ खोळंबून ठेवणार? तिनं रिपोर्ट काढला, डॉक्टरांना फोन केला, दुप्पट गोळ्यांची चिठ्ठी तयार आहे असं तिकडून कळलं. येसू उठली, पदर सारखा केला, दारापर्यंत गेली आणि तिथं थबकली.

"बाय, एक इचारू? या गोलीनं भात पिवला दिसतो का?"

पूर्वाच्या हातातला रिपोर्ट हातातच राहिला. डिगॉक्सिन अंगात जास्त झालं की माणसाला सगळं पिवळं दिसायला लागतं, हे पुस्तकात तिनं किती वेळा वाचलं होतं. पण जास्त झालं की! हिच्या तर रक्तात औषध पुरेसंसुद्धा नाही.

"तुम्हाला दिसतो पिवळा?"

"मना न्हाय," येसू म्हणाली. "तानीला दिसतो."

तानी कोण, तर येसूची धाकटी जाऊ, लडकूची आई. मग येसूनं जे सांगितलं ते ऐकताना पूर्वा खुर्चीत बसायचंही विसरली. दोघी एकाच मांडवात लग्न होऊन एका घरात आल्या. दोघींचे नवरे गेले, चूल एकच राहिली. भाकर असो, बोंबील असो, नदीतला खेकडा असो, जे मिळेल ते मोडून निम्मं तिला आणि निम्मं हिला. चढ चढताना तानीलाही दम लागायचा, तिचेही पाय सुजायचे. म्हणजे दुखणं एकच. आणि दवाखान्यातनं आलेल्या गोळीवर मधोमध रेघ होती, बोटानं दाबली की बरोब्बर दोन तुकडे व्हायचे. मोडायला रेघ दिलीय म्हणजे वाटून खायची वस्तू, यात विचारायचं काय होतं? रोज रात्री येसू गोळी मोडायची आणि पहिला तुकडा तानीच्या तळहातावर ठेवायची. हल्ली मात्र तानीला अन्न जात नव्हतं, सारखं मळमळायचं, आणि भातात हळद का घातली म्हणून ती येसूशी भांडत होती. भात तर पांढराफेक असायचा.

आज दुप्पट गोळ्या घेऊन ही बाई घरी गेली असती आणि मोठ्या मायेनं त्यातल्याही निम्म्या तानीला दिल्या असत्या. पूर्वानं जिन्यातूनच लडकूला हाक मारली आणि आईला जशी असेल तशी उचलून आण म्हणून पिटाळलं. तिच्याकडून सगळं कळताच डॉक्टरांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि खाट तयार ठेवली.

दुपार कलता कलता लडकूनं आईला हातांवर उचलून आणलं. तिची नाडी इतकी सावकाश चालली होती, की डॉक्टरांनी मनगट बराच वेळ सोडलं नाही. रक्त वर लॅबमध्ये आलं. येसूच्या रक्तात जे कमी पडत होतं, ते तानीच्या रक्तात साचून बसलं होतं. तिची मूत्रपिंडं थकली होती, औषध बाहेर टाकायची ताकदच त्यांच्यात उरली नव्हती. पायाची सूजही त्यामुळंच. दोघींचं दुखणं एक नव्हतंच कधी.

येसूला हे समजावून सांगायला डॉक्टर स्वतः बसल्या. रेघ असते ती ज्याला निम्मीच गोळी लागते त्याच्यासाठी, हेही सांगितलं. येसूनं सगळं ऐकून घेतलं. मग ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली आणि ढसाढसा रडली. लडकूनं चहा आणला, तो तिनं घेतला नाही. मीच चारलं तिला, माझ्याच हातानं चारलं, एवढंच ती म्हणत राहिली. पूर्वा शेजारी बसून होती. तानी डोळे उघडून भात मागेल तेव्हाच ही इथून हलेल, हे तिला कळत होतं.

तानीनं भात मागितला. त्याला वेळ लागला, पण मागितला, आणि पांढराच आहे असं स्वतःहून सांगितलं.

पुढच्या तपासणीला दोघी मिळून आल्या. तानीची औषधं आता वेगळी होती. येसूच्या रक्तात या वेळी डिगॉक्सिन अगदी जितकं हवं तितकं निघालं. पूर्वाला इतका आनंद झाला की रिपोर्ट घेऊन ती स्वतःच बाकापाशी गेली. आता गोळी सगळी पोचतेय, तिनं सांगितलं, आणि धडधड थांबली का म्हणून विचारलं.

"थांबली," येसू म्हणाली. तिनं बाजूला बसलेल्या तानीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पन गोली खाताना मी भिंतीकडं तोंड करते, बाय. लगीन झाल्यापासना पयल्यांदाच काय तरी एकटीनं खाते."