हनानच्या लेकीची सातवी

आमच्या अंगदची बायको हनान कैरोची. अंगद जालन्याच्या एका बियाणे कंपनीकडून कपाशीच्या कामाला तिकडं गेल्ता, तिथंच जमलं. बाळंतपणाला मात्र ती आमच्याकडं, केदारखेड्याला राहिली. तिच्या आईला, सामियाबाईंना, यायचं होतं. पण हृदयाच्या दुखण्यामुळं डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली. नात झाली ती त्यांनी फोनवरच पाहिली.

त्यांच्याकडं सातव्या दिवशी बाळाचा सोहळा करतात. त्याला सुबूअ म्हणतात. "आई येत नाही. तिला एवढं तरी पूर्ण बघू दे," हनान आम्हाला म्हणाली. मराठी तिला कामापुरती येते. माझी सून बेबीनंदा, म्हणजे हनानची सासू, बाळंतपणाच्या सुवेरात असलं काही नको म्हणून अडून बसली.

मी म्हटलं, "बेबी, आपली पाचवी सुवेरातच होती ना? मंग ह्यांच्या सातवीनं काय बिघडतं?"

तिनं तोंड वाकडं केलं, पण सुबूअसाठी लागणारी गव्हाची मोठी चाळणी तिनंच घासूनपुसून आणली.

चाळणीत माझ्या जुन्या लुगड्याची घडी घातली आणि वर बाळाला ठेवलं. अंगदनं फोन धरला. सामियाबाई केस नीट विंचरून, कानात डूल घालून बसल्या होत्या. हनाननं चाळणी हलकेच हलवली. पुढं जगात हिसके बसायचेच, त्याची सवय आत्तापासून लागावी म्हणून. मग कुणीतरी बाळाशेजारी पितळी खलबत्ता वाजवायचा आणि सांगायचं, आईचं ऐक, बापाचं ऐकू नको.

"हे सांगायची गरजच न्हाई," बेबी म्हणाली. "आपल्या घरात बापाचं कुणी ऐकतच न्हाई."

"मी ऐकतो की, मम्मी."

"तू बायकोचं ऐकतो. गप फोन धर."

सगळे हसले. हनाननं चाळणी जमिनीवर ठेवली आणि बाळावरून टाकायला पाय उचलला. आईनं बाळाला सात वेळा ओलांडायचं असतं, हे तिनं आधी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलं नसणार.

बेबीनं तिचा दंड धरला. "काय करून राह्यली? लेकरू ओलांडत न्हाईत कुणी. वाढ खुंटती."

हनाननं पाय खाली घेतला. "मम्मी, हे नाही तर सुबूअ नाही."

फोनमधून सामियाबाई काहीतरी विचारत होत्या. हनानचे डोळे भरून आले. पाचवीचं मी चटकन बोलले होते, पण लेकरू ओलांडायचं म्हटल्यावर मलाही बेबीचंच पटत होतं.

बेबी चाळणीजवळ बसली. बाळाचं टोपडं तिनं उगाच नीट केलं.

"ओलांड," ती म्हणाली. "पण दर खेपेला तशीच उलट्या पायानं माघारी ये. मंग ओलांडलेलं फिटतं."

खरंच, माझ्या सासूबाई सोनूबाई असंच करायला लावायच्या. आमचे रखमाजी मामा एकदा ओसरीत निजलेल्या पोराला ओलांडून एसटी गाठायला निघाले, तर सासूबाईंनी त्यांना पार फाट्यावरून परत बोलावलं. एसटी गेली. मामा रागानं लाल झाले, पण पोराला उलटं ओलांडल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा मिळालं न्हाई.

अंगदनं सासूला अरबीत सगळं सांगितलं. मग सामियाबाई काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" बेबीनं विचारलं.

"टाके अजून ओले आहेत म्हणतात. उलटं चालताना तिला कोण धरणार?"

"मी धरते की. सांग त्यांना."

खलबत्ता मी घेतला. बेबीनं हनानच्या कमरेला हात घातला, दुसऱ्या हातानं तिचा तळहात धरला. हनान बाळावरून पलीकडं गेली आणि बेबीच्या आधारानं पाय चाचपत माघारी आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. जातानाचं पाऊल सामियाबाई कैरोत मोठ्यानं मोजत होत्या. परतीचं बेबी मोजत होती.