माझ्या छातीवरचे दोन डोंगर

शुक्रवारी सकाळी बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी बाईंनी सातवीच्या वर्गात संमतीपत्रं वाटली आणि माझं नशीब फिरलं. मी कोण? मी ड्रॉइंगचं पॅड बोलतोय. क्लिप गंजलेली, एक कोपरा उंदराने खाल्लेला. मालकीण अक्षता, राहणार काळाचौकी.

लालबागच्या स्टेशनरीच्या दुकानातून आलो तेव्हापासून माझ्या छातीवर एकच चित्र. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी. या पोरांनी ना ती नदी पाहिली, ना ती झोपडी. वर्गाच्या खिडकीतून गिरणीचं धुराडं दिसतं, ते एकानेही काढलं नाही. बाई फळ्यावर डोंगर काढणार, चाळीस पोरं ते उतरवणार आणि बाई म्हणणार, "छान!" कसलं छान? डोंबल!

संमतीपत्र होतं गणपतीच्या कारखान्यात जायचं. अक्षताची आई सुरुची ते वाचूनच घाबरली.

"रस्ता ओलांडायचाय. हरवलीस म्हणजे? घरी बसून चित्र येत नाही काय?"

"बाई आहेत ना गं आई!"

"एक बाई नि चाळीस पोरं! मी येणार. नाहीतर सही नाही."

अशा आयांची मला कीव येत नाही, चीड येते. मोबाइल हातात देऊन तासभर पोरीला विसरतील, पण दोन गल्ल्या पलीकडे पाठवायला यांचा जीव जातो.

आली ती. परळच्या कारखान्यात पोरीचा हात घट्ट धरून उभी. तोही उजवा! चित्र काय पायाने काढायचं? बाकीची पोरं तर महाशहाणी. समोर पंधरा फुटी मूर्ती आणि ही सगळी मान खाली घालून सवयीने डोंगर काढायला बसली!

तेवढ्यात कारखान्यातले जुने मूर्तिकार दगडूकाका बांबूच्या परांचीवर चढले. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखायचे आणि ते एकट्या दगडूकाकांनीच, ही तिथली रीत. सगळ्या कारखान्याने हातातलं काम थांबवलं. काकांनी श्वास रोखला आणि एका दमात रेघ ओढली.

"आई, हात सोड ना. डोळे संपतील," अक्षता रडवेली झाली.

सुरुचीने पकड आणखी आवळली.

वरून काका म्हणाले, "ओ ताई, एक डोळा झाला. दुसरा होईपर्यंत तरी सोडा तिला. घाबरताय कशाला? ह्याने एक डोळा उघडलाय, बघतोय तो!"

कारखाना हसला. सुरुची ओशाळली. हात सुटला तेव्हा पोरीच्या मनगटावर चार बोटं उमटली होती.

अक्षताने मूर्ती काढलीच नाही. काकांचे फुगलेले गाल काढले, ताठ मनगट काढलं, कुंचला काढला. रेघा वाकड्या होत्या, पण डोळ्यांनी बघून काढलेल्या. माझ्या जन्मात पहिल्यांदा.

आता मी दाराशी खिळ्याला टांगलेला असतो. शनिवारी वर्ग राणीच्या बागेत जाणार आहे. सुरुची घरीच थांबणार. तिने संमतीपत्रावर सही केलीय आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, "रस्ता ओलांडताना हात धरावा. मग सोडावा."

तेवढं एक वाक्य तुमच्या चाळीच्या माळ्यावरच्या आयांना वाचून दाखवा. आणि फळ्यावर डोंगर काढणाऱ्या बाईंनाही.