घरकारणीचं ताट

शंकररावांनी वालाचे दाणे पाच ताटांत सारखे वाटले आणि हात झटकले. ताटं म्हणजे पुठ्ठ्याच्या चकत्या, एक दाणा म्हणजे महिन्याचं जेवण, आणि शाळेच्या वर्गात फरशीवर अंथरलेली चादर म्हणजे गाव. तिच्यावर निळ्या रंगाने उल्हास नदी काढली होती. गड्डीतून पावसाचा पत्ता निघायचा, त्यावर त्या सालचं पीक ठरायचं, आणि जे पिकलं ते घरकारणीने सगळ्यांना वाढायचं. साठीच्या माणसाला हा पोरखेळच. पण नदीकाठची शेतकरी घरं बदलत्या पावसात कसं निभावतात, काय खातात, याचा अभ्यास करणारी मैत्रेयी नावाची मुलगी उल्हासनगरच्या कॅम्प चारहून तीनदा घरी येऊन गेली होती. पोरीला तरी किती वेळा नाही म्हणायचं?

घोळ झाला तो सोंगं वाटताना. मैत्रेयीने नवराबायकोची अदलाबदल केली. शंकररावांच्या गळ्यात 'घरकारीण' अशी पाटी आली आणि चांगुणेच्या गळ्यात 'घरधनी'. ज्याचं सोंग घेतलं त्याचं नाव आधी मोठ्याने सांगायचं, असा नियम होता. आता मांजर्लीच्या पुढच्या त्या गावात जुन्या बायका अजूनही नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाहीत, आणि चांगुणेने तर छत्तीस वर्षांत उखाणाही टाळलेला. शेजारचा धोंडिबा लगेच म्हणाला, बघा, वहिनी आता यमक जुळवणार.

"मी शंकर," चांगुणा म्हणाली.

यमक नाही, लाजणं नाही. बायकांच्या ओळीतली कुजबुज एकदम थांबली. शंकररावांना वाटलं, कुणीतरी आपल्यालाच हाक मारली, आणि ते 'ओ' देता देता राहिले.

पहिल्या साली पाऊस बरा झाला. सारखं वाढलेलं ताट चांगुणेने मान वर न करता पुढे सरकवलं आणि म्हणाली, वाढ अजून. उजवा गुडघा चोळत, घसा दोनदा खाकरत. वर्ग हसला. धोंडिबा तर लोळायचाच बाकी राहिला. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून शंकररावही हसले. पण खाकरून झाल्यावर त्यांच्या छातीत एक बारीक शीळ वाजायची, थंडीवाऱ्यात जास्तच, आणि ती शीळ आत्ता समोरून ऐकू आली. नक्कल करून माणूस चाल उचलेल, बोलणं उचलेल. छातीतली शीळ कुठून आणेल? त्यांनी गुपचूप आणखी तीन दाणे तिच्या ताटात टाकले.

दुसऱ्या साली पावसाने महिनाभर दडी मारली. दाणे कमी आले. उरलेली तीन ताटं खेळातल्या म्हातारीची, मुलाची आणि सुनेची. म्हातारीचे काढता येईनात, मुलाचे काढवेनात, सून बाळंतीण. शेवटी शंकररावांनी आपल्याच ताटातले उचलले. तिथून उचलणं सगळ्यात सोपं होतं, कुणी विचारतच नव्हतं.

तिसऱ्या साली पुराचा पत्ता निघाला. मैत्रेयीने चादरीवरची नदीलगतची सगळी शेतं निळ्या कापडाने झाकली आणि घरधन्यांना विचारलं, आता पुढे काय करणार? कुणी बांध उंच करणार होता, कुणी दुसरं बियाणं आणणार होता. चांगुणेची पाळी आली. तिने सावकाश घसा साफ केला.

"विकून टाकू. जितेशला शब्द दिलाय. उद्या दहाला सह्या. हिला आता सांगायचं नाय. बँकेत केवायसी करायचंय म्हणून न्यायची. कागद वाचतेय कुठं ती."

सगळ्यांना तो खेळच वाटला. मैत्रेयीने वहीत टिपूनही घेतलं. शंकररावांच्या मात्र अंगावर सरसरून काटा आला. जितेश हा जमिनीचा दलाल, खराखुरा. सह्या खरोखरच उद्या दहाला होत्या. जमीन चांगुणेच्या नावावर होती. मरायच्या आधी शंकररावांच्या बापाने ती सुनेच्या नावाने करून ठेवलेली, पोटच्या पोराला पुरता ओळखून होता म्हातारा. म्हणजे तिची सही हवीच. या व्यवहाराबद्दल शंकररावांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि केवायसीचं तर जितेशलाही माहीत नव्हतं. ते काल सकाळी बांधावर एकटं उभं असताना नुसतं मनात आलं होतं, याच शब्दांत. त्यांनी चांगुणेकडे पाहिलं. ती निळ्या कापडाकडे बघत गुडघा चोळत होती.

पुढची दोन सालं शेताशिवाय गेली. दुकानातला तांदूळ, वाढता भाव, मूठभर दाणे. 'घरधनी' ताट पुढे सरकवत राहिला आणि शंकरराव वाढत राहिले. घरकारणीच्या ताटात दोन्ही सालं काहीच पडलं नाही. सलग दोन सालं रिकामं राहिलेलं ताट उपडं घालायचं, असा नियम होता. ते त्यांनी उपडं घातलं तेव्हा त्यांना खरोखरची भूक लागली होती, नुकतीच चहा-बिस्किटं झालेली असूनसुद्धा.

"चांगुणाबाई," मैत्रेयीने खेळाच्या रीतीने त्यांना विचारलं, "ही दोन वर्षं तुम्ही काय खाल्लंत?"

अगं पोरी, चकतीवरचे वाल कोण खातंय, असं ते म्हणणार होते.

"पेज," त्यांच्या तोंडून आलं. "ह्यांचं जेवून झालं की पातेल्यात पाणी घालायचं. खरवड सुटते. मीठ टाकलं की भागतं. मोठ्या पुराच्या सालीपण आठ म्हयने तेच केलेलं."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मोठ्या पुराच्या साली आपल्या बायकोने काय खाल्लं, हे विचारायचं त्यांना कधी सुचलंही नव्हतं. चांगुणेने मान वर केली आणि अख्ख्या दुपारभरात पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. ती घाबरलेली दिसली.

खेळ संपल्यावर पाट्या उतरवून प्रत्येकाने आपलं खरं नाव सांगायचं होतं, म्हणजे सोंग अंगातून निघून जातं असं मैत्रेयी म्हणाली. शंकररावांची पाळी आली तेव्हा धोंडिबा मधेच काहीतरी बरळला, हशा पिकला, आणि त्यांचं नाव सांगायचं राहून गेलं. चांगुणा तर केव्हाच चपला घालून बाहेर पडली होती. हात पाठीमागे बांधून, उजव्या पायावर जरा कमी भार देत ती रस्त्याने चालली होती. रोज ती दहा पावलं मागे असायची. आज शंकरराव मागे होते, आणि पाय उचलूनही त्यांना तिला गाठता येईना.

घरी येऊन ती ओटीवरच्या खाटेवर बसली.

"चांगुणा, पुरे झालं आता," शंकरराव म्हणाले.

दुसऱ्याच्या नावाने मारलेल्या हाकेकडे माणूस जसं बघत नाही, तसं तिने बघितलं नाही. शंकररावांना भीती वाटली. स्वतःच्या घरात, भर चारच्या उन्हात, छत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईची. तिथे उभं राहवेना म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले, आणि तेवढ्यात ओटीवर त्यांचा फोन वाजला. चांगुणेने तो उचलला, त्यांच्यासारखाच स्पीकरवर टाकला.

"हां जितेशशेठ, बोला."

आवाज शंकररावांचा होता. त्यांनी नकळत आपल्या गळ्याला हात लावून बघितलं.

"शंकरराव, साडेनऊला गाडी पाठवतो," जितेश म्हणाला. "काकूंना काय कळलं नाय ना?"

"थांबा जरा. तिलाच विचारतो."

खाट करकरली. मग तोच आवाज स्वयंपाकघराच्या दिशेने आला, रोज पाणी मागतो तसा.

"काय गो, जमीन विकायची का?"

हा प्रश्न त्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. शंकररावांजवळ उत्तर तयार होतं. नदी सालाआड पीक नेते. गुडघ्यांत चिखल तुडवायची ताकद उरली नाही. आकाशला, एकुलत्या एका मुलाला, चिखलोलीत घर घ्यायचंय. यातलं काहीच खोटं नव्हतं. हे सगळं नीट समजावून सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"नको," ते म्हणाले. "घरचा तांदूळ असूदे."

 फोनवर जितेश ओशाळल्यासारखा हसला.

"सॉरी हां काकू, तुम्ही तिथंच आहात माहीत नव्हतं. राहू द्या मग."