खिडकीतली जागा

बाईंनी दोरीचं एक टोक फळ्याखालच्या खिळ्याला बांधलं, दुसरं मागच्या कपाटाच्या पायाला, आणि ताण नीट बसलाय का ते पायाने दाबून पाहिलं. बाकं मुलांनी आधीच भिंतींना लावून ठेवली होती. शुक्रवारचा शेवटचा तास नववीला तोंडपाठ होता. जमिनीवर दोरी, दोरीच्या दोन बाजू आणि डब्यातून निघालेला एक प्रश्न.

नियम तीनच होते. दोरीवर उभं राहायचं नाही, कुठली तरी एक बाजू घ्यायची. मत बदललं तर दोरी ओलांडायची, पण का ते सांगून. आणि तिसरा, बाईंची बाजू कोणी विचारायची नाही. बाई खिडकीच्या कट्ट्यावर बसून ऐकणार. अकरा वर्षं त्या तिथे बसत आल्या होत्या. आपलं मत मुलांवर लादायचं नाही, मुलांनी स्वतःच्या डोक्याने बरंवाईट ठरवायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. खिडकीत वारा बरा लागतो आणि तिथे बसणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, हेही खरं होतं. पण ते त्या कधी बोलल्या नव्हत्या.

डबा वकिलाकडे होता. वकील म्हणजे वर्गातली एक किडकिडीत मुलगी. मुद्दा सापडला की ती समोरच्याचा पिच्छा सोडत नसे, म्हणून हे नाव. डबा आणि दोरी सांभाळायचं काम सहावीपासून तिच्याकडेच होतं आणि त्यात ती कोणाला हात लावू देत नसे. तिने डोळे मिटून चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली.

"घराचा पत्ता नसलेल्या मुलाला शाळेत ठेवण्यासाठी खोटा पत्ता लिहावा का?"

बाईंचा हात नकळत शेजारच्या पिशवीवर गेला.

पिशवीत पत्ते-पडताळणीचा तक्ता होता. बाहेर प्रवेशासाठी मोठी रांग होती, म्हणून यंदा कार्यालयाने फर्मान काढलं होतं की वर्गशिक्षकांनी घरोघरी जाऊन पत्ते तपासावेत आणि ज्याचा पत्ता सापडणार नाही त्याचं नाव कमी करावं. बाईंनी चाळीसपैकी एकोणचाळीस घरं पाहिली. चाळिसावं सापडलं नाही, कारण ते आता नव्हतंच. गेल्या रविवारी त्या गेल्या तेव्हा तिथे सपाट केलेली जमीन होती, विटांचे तुकडे होते आणि मधोमध एक निळं दार आडवं पडलं होतं. बरीच चौकशी केल्यावर कळलं की वकिलाचे आईवडील दोन लेकरांना घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, वडील जिथे वेल्डिंग करतात त्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये राहताहेत. मालक राहू देत होता, पण तसं लिहून द्यायला तयार नव्हता. मुलगी दोन बस बदलून शाळेत येत होती. महिनाभरात एकदाही तिला उशीर झाला नव्हता आणि तिने कोणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

चार दिवस बाईंना धड झोप लागली नाही. आज सकाळी वर्ग भरायच्या आधी त्यांनी तक्त्यातल्या त्या रिकाम्या रकान्यात स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला, आणि पुढे 'नातं : भाची'. लिहिला तो पेन्सिलीने. पेन उचलायचा धीर काही होईना. संध्याकाळपर्यंत गिरवू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि पाच वाजता कारकून तक्ता न्यायला येणार होता.

दोरीच्या 'लिहावा' बाजूला बघता बघता गर्दी झाली. वर्गातला सर्वांत उंच मुलगा, ज्याला सगळे शिडी म्हणत, तो तर चिठ्ठी वाचून व्हायच्या आधीच तिथे जाऊन उभा राहिला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. कोणाचं नुकसान होत नाही, एक मूल शिकतं, मग खोटं बोललं तर काय आभाळ कोसळतं? टाळ्या पडल्या. दुसरीकडे चौघं होती आणि त्यांचे मुद्देही बरे होते. रांगेत उभ्या असलेल्या, खरा पत्ता असलेल्या मुलाचं काय? आज पत्ता खोटा चालतो, उद्या गुण खोटे चालतील का? बाई ऐकत होत्या, म्हणजे त्यांची मान हलत होती.

वकील डबा छातीशी धरून फळ्याजवळ उभी होती. शिडीने तिला हाक मारली, ये की इकडे, वाट कसली बघतेस. ती निघाली आणि त्या चौघांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

वर्ग चुळबुळला. तिचं घर पाडल्याची कुणकुण दोघातिघांना असावी, कारण त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

"कारण सांग," शिडी म्हणाला. "नियम आहे."

"सांगते." तिने डबा जमिनीवर ठेवला. "आमची घरं पाडली. त्या वस्तीतली आणखी सहा मुलं या शाळेत आहेत. माझ्यासाठी कोणीतरी खोटा पत्ता लिहील, कारण माझी इथे ओळख आहे. त्यांच्यासाठी कोण लिहिणार?"

तिने दोरीपलीकडच्या गर्दीकडे पाहिलं.

"आणि एकदा खोटा पत्ता लिहिला की कागदावर सगळं ठीक दिसतं. घरं पाडली, हे कुठेच लिहिलेलं नाही. आम्हाला पावतीसुद्धा दिली नाही. माझ्या नावापुढे दुसऱ्याचं घर आलं, की आमचं घर कधी पाडलंच नव्हतं असं होईल. कोणी मायेने लिहिलं तरी तसंच होईल."

"म्हणजे तू शाळा सोडणार?" शिडीचा आवाज एकदम उतरला होता.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "प्रश्न तो नाहीये."

मग एक मुलगी दोरी ओलांडून तिच्याकडे गेली, मागोमाग आणखी दोघं. शिडी जागचा हलला नाही, पण त्याने एक पाय उचलून पुन्हा तिथेच ठेवला. मग तो खिडकीकडे वळला.

"बाई, तुम्ही कुठे आहात?"

तिसरा नियम अकरा वर्षांत पहिल्यांदा मोडला होता. बाईंनी तोंड उघडलं आणि नेहमीचं वाक्य, मी फक्त ऐकणार, ओठांपर्यंत आलंही. ते त्यांनी गिळलं, पण त्याच्या जागी दुसरं काही सापडेना. तेवढ्यात घंटा झाली. घंटेमुळे सुटका झाल्याचं त्यांना बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मुलं बाकं ओढून जागेवर लावून निघून गेली. वकील मागे थांबली. तिने दोन्हीकडच्या गाठी सोडल्या, दोरी कोपरावरून गुंडाळली आणि डब्यासकट टेबलावर ठेवली.

"बाई, पुढच्या शुक्रवारी हे कोणाकडे देऊ?"

हे तिने अगदी सहज विचारलं. बाईंनी उगाच काहीतरी करायचं म्हणून डबा उघडला. आत एकही चिठ्ठी नव्हती.

"बाकीच्या चिठ्ठ्या माझ्या दप्तरात आहेत," ती म्हणाली. आता मात्र तिचे कान लाल झाले होते. "सकाळी हजेरीपट न्यायला आले तेव्हा टेबलावर तो तक्ता उघडा होता. मी वाचला. तुम्हाला तोंडावर नको म्हणायला जमलं नसतं मला."

"म्हणून स्वतः लिहिलेली एकच चिठ्ठी डब्यात ठेवलीस?"

"हो. चुकलंच ते."

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. या पोरीला बरंवाईट ठरवायला आपणच शिकवलं, आणि ठरवायची वेळ आली तेव्हा आपण मूग गिळून खिडकीत बसलो, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं. गुपचूप पत्ता लिहून मोकळं होणं त्यांना मायेचं वाटलं होतं. त्यात आपल्याला कोणापुढे उभं राहावं लागत नव्हतं, हे त्यांनी मनाशीसुद्धा मान्य केलं नव्हतं.

त्यांनी तक्ता काढला आणि खोडरबर घेतलं. पेन्सिलीने जोरात दाबून लिहिलं होतं, त्यामुळे खोडल्यावरही अक्षरांचे वळ कागदावर राहिले. त्यावरच त्यांनी पेनाने लिहिलं की घर पाडण्यात आलं आहे, पाडलेली जागा मी स्वतः पाहिली आहे, विद्यार्थिनी रोज वेळेवर हजर असते आणि वर्गशिक्षिका म्हणून तिचं नाव कमी करायला माझी संमती नाही. रकाना संपला तेव्हा अक्षरं समासात गेली. खाली त्यांनी पूर्ण सही केली, एरवी करत तशी आद्याक्षरांची नाही.

वकील टेबलाच्या पलीकडून उलटं वाचत होती.

"याने मी राहीन का, बाई?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. खोटा धीर द्यायचं त्यांनी टाळलं, आणि ते फार जड गेलं. "मी हे घेऊन मुख्याध्यापकांकडे जाणार आहे. ते नाही म्हणाले तर त्यांच्या वरच्यांकडे. बस खाली."

ती पहिल्या बाकावर बसली. बाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला.

"त्या सहा जणांची नावं सांग. इयत्तेसकट."

पहिली चार नावं तिने भराभर सांगितली. पाचव्याला अडखळली. दोघं भाऊ पाचवीत आहेत, त्यांना सगळे लाडाच्या नावानेच हाक मारतात, म्हणाली, शाळेतलं नाव माहीत नाही. बाई उठल्या, चपला घातल्या आणि खालच्या मजल्यावर पाचवीच्या वर्गशिक्षिका अजून निघाल्या नसतील असं म्हणत दाराकडे निघाल्या.

दारात कारकून उभा होता. पाच वाजले होते. टेबलावरचा तक्ता त्याला दिसला, समासात गेलेली अक्षरंही दिसली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, या रकान्यात एवढं लिहायचं नसतं. द्या, बघतो काय करता येईल ते."

"थोडं थांबा," बाई म्हणाल्या. "अजून दोन नावं राहिली आहेत."